बुलेटचे व्हॉल्व्ह: आधी गाइड, मग सीट, घासणे शेवटी

चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या केरीला आलो तेव्हा मागून स्कूटरवर येणाऱ्या मेहुण्याने हेल्मेट काढले आणि रुमालाने तोंड पुसत म्हणाला, “भावजी, तुमच्या बुलेटमागे राहण्यापेक्षा खनिजाच्या टिपरमागे राहिलेलं बरं.” त्याचे खोटे नव्हते. चढावर गाडी साफ चालायची. उतारावर थ्रॉटल बंद करून इंजिनावर सोडली आणि खाली येऊन पुन्हा थ्रॉटल दिला, की सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट. हे लक्षण नीट ओळखून ठेवा. थ्रॉटल बंद असताना खाली जाणारा पिस्टन जोराची ओढ घेतो, हवेला वाट नसते, आणि इनलेट व्हॉल्व्हची (पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या झडपेची) दांडी गाइडमध्ये, म्हणजे ती ज्या नळीत सरकते तिच्यात, ढिली झालेली असेल तर त्या फटीतून रॉकरवरचे (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या तरफेवरचे) ऑइल खाली खेचले जाते. धूर चढावर, ओझ्याखाली येत असेल तर आधी पिस्टनच्या रिंगांकडे बघा. उतारानंतर येत असेल तर हेड, म्हणजे सिलिंडरचे वरचे झाकण, उतरवायची तयारी करा.

गाडी वडिलांची. 1984 ची बुलेट 350, लोखंडी सिलिंडरची: बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90, म्हणजे 346 सीसी. वडील खाणीवर सुपरवायझर होते. साखळीहून आमोण्याच्या जेटीकडे टिपरांची रांग लागायची आणि त्या तांबड्या धुळीतून ही गाडी रोज जायची. ती धूळ काय करते ते मी दुसऱ्या बाजूने पाहिले आहे, कारण मी खाणीच्याच वर्कशॉपमध्ये टिपरांची इंजिने बांधायचो. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा घरामागच्या शेडमध्ये स्वतःचे काम सुरू केले. वडील गेल्यावर गाडी तीन पावसाळे मांगरात (छपरीत) उभी राहिली. धुळीने गाइड खाल्लेले आणि पावसाने सीट, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना टेकतो ती गोल कड. मिरगाच्या पहिल्या सरीला इंजिन खोलले, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आत बांधायचे असे ठरवले. पावसात गाडी चालवायची नाही, तेव्हा घाई नव्हती. तरी घाई केलीच, आणि त्याचा दंड भरला. तो पुढे सांगतो.

हेड उतरवण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली, डीकॉम्प्रेसरची (किकआधी सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या कळीची) केबल. ती ताणलेली असेल तर जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा टॅपेट, म्हणजे तो उघडणारा खालचा तुकडा, कायम थोडा उचललेला राहतो, कॉम्प्रेशन गळते आणि बिचाऱ्या व्हॉल्व्हवर आळ येतो. केबलला थोडा ढिलेपणा हवा. एक ओळखीचा पायलट, म्हणजे आमच्याकडचा मोटारसायकल टॅक्सीवाला, घरची बुलेट घेऊन आला होता. हेड खोलायचे म्हणून दोन दिवस काढून आला होता बिचारा. केबल ढिली केली, किक बसली, चहा पिऊन परत गेला.

दुसरी, हवा नेमकी कुठून जाते ते ऐका. जुन्या स्पार्क प्लगचे चिनीमातीचे पोट फोडून काढा आणि त्या रिकाम्या बुडात ट्यूबचा नोझल ब्रेझिंग करून घ्या. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटून पिस्टन सर्वांत वर असेल तिथे, आणा, गाडी टॉप गिअरमध्ये टाका, एकाला मागच्या ब्रेकवर उभे करा, कारण हवा भरताच पिस्टन खाली पळू पाहतो. किकच्या वाटेत कुणाचाही पाय नको. मग पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने चाळीस-पन्नास पाउंड हवा सोडा. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो. कार्बुरेटरच्या तोंडातून आली तर इनलेट. ब्रीदरच्या (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून आली तर रिंगा, आणि तेव्हा नुसते हेड करून भागणार नाही. माझ्या गाडीत सायलेन्सरमधून अशी हवा येत होती की टोकाला धरलेला कागद फडफडत होता.

व्हॉल्व्ह गळणे एवढे वाईट का, ते समजले की पुढची सगळी मेहनत का करायची तेही समजते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असते तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 1500 वेळा उघडतो, सेकंदाला 25 वेळा. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळत्या वायूत लाल होण्याइतका तापतो. त्याला थंड व्हायची मुख्य वेळ म्हणजे सीटवर टेकलेला असतो तेवढीच. बहुतेक उष्णता सीटमार्गे हेडमध्ये जाते, उरलेली दांडीतून गाइडमध्ये. सीटवर एके ठिकाणी जरी नीट टेकला नाही तरी तिथली उष्णता अडकते, वरून तिथूनच वायू फटकारत जातो, आणि व्हॉल्व्हची कड वितळल्यासारखी झडते. त्यातून टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून मालक खूश असतो. टॅपेट वाजतो म्हणजे वाईट, गप्प म्हणजे चांगला, हा समज डोक्यातून काढा. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, दांडीचे टोक वर येते, रॉकर पुशरॉडला, म्हणजे त्याला खालून ढकलणाऱ्या दांडीला, दाबतो आणि टॅपेटची फट वाढत नाही, कमी होते. शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. गप्प गाडी आतून जळत असते.

आता खोलणे. टाकी काढा, कार्बुरेटर, सायलेन्सरचा पाइप, हेड स्टे, रॉकरला ऑइल नेणारा बाहेरचा पाइप. त्या पाइपच्या बँजो बोल्टचे (आतून ऑइल जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर परत वापरू नका, नवे आणा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला ठेवूनच रॉकर सोडा, म्हणजे स्प्रिंगांचा दाब नसतो. रॉकरची बेअरिंगे दोन-दोन अर्ध्या तुकड्यांची असतात आणि ती जोडीनेच घासलेली असतात. एकाचे झाकण दुसऱ्यावर बसवले तर रॉकर जाम होईल किंवा हलेल. मी अंड्यांचा ट्रे घेतो, खणाखणात खडूने ‘इ’ आणि ‘ए’ लिहितो: इनलेटची दांडी, पुशरॉड, स्प्रिंगा, कॉटर (स्प्रिंगची वाटी दांडीला अडकवणारे छोटे पाचर) एका बाजूला, एक्झॉस्टचे दुसऱ्या बाजूला. पुशरॉडचा वरचा भाग वर आणि खालचा खाली, असेच ठेवा. हेडचे नट एकदम एक काढू नका, सगळे अर्धा-अर्धा फेरा सोडत या.

स्प्रिंग दाबायचे हत्यार बाजारात मिळते. माझ्याकडचे सुताराच्या जी-क्लॅम्पचे आहे. एका टोकाला पाइपचा तुकडा वेल्ड केला आणि त्याला बोट जाईल एवढी खिडकी कापली. क्लॅम्प लावण्याआधी स्प्रिंगच्या वाटीवर सॉकेट ठेवून हलका ठोका मारा. वर्षानुवर्षे चिकटलेले कॉटर त्याने सुटतात. तसे न करता नुसता क्लॅम्प पिळत गेलात तर सगळा ताण एकदम सुटतो. माझा एक कॉटर असाच उडाला तो शेडच्या कोपऱ्यातल्या सोडणांच्या ढिगात. एका संध्याकाळी मी आणि माझी धाकटी मुलगी, दोरीला चुंबक बांधून नारळाची सोडणे चाळत बसलो होतो. डोळ्यांना चष्मा लावा, कॉटर सोडणातच जाईल असे काही नसते.

व्हॉल्व्ह लगेच ओढून काढू नका. दांडीच्या टोकाला रॉकरने ठोकून ठोकून कड आलेली असते, छत्रीसारखी. ती तशीच गाइडमधून ओढली तर गाइड आतून ओरखडत जाते. आधी बारीक कानसीने कड मारा, टोक पुसा, मग व्हॉल्व्ह हाताने सरकला पाहिजे.

कार्बन काढायला बांबूची पट्टी किंवा पितळेचा ब्रश. हेड ॲल्युमिनियमचे आहे, पोलादी खरवडणीने त्यात चरे पडतात. व्हॉल्व्हला एवढी माया नको. त्यांना ड्रिल मशीनमध्ये हलके धरून पॉलिश पेपरने साफ करता येते, फक्त दांडीवर पेपर लावायचा नाही. मग बघा: सीटवर टेकणाऱ्या तिरप्या पट्टीच्या वर जी उभी कड उरते ती निदान एक मिलिमीटर जाड हवी. सुरीसारखी झाली असेल तर व्हॉल्व्ह बाद. असा पातळ काठ तापतो आणि जळतो. दांडीवर बोटाच्या नखाला पायरी लागली तरी बाद. काच किंवा आरशावर दांडी लोळवून बघा, वाकलेली असेल तर डोके डुलते. नवे व्हॉल्व्ह आणाल तेव्हा खिशात चुंबक असू द्या. चांगल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे डोके बहुतेक वेळा अशा पोलादाचे असते की त्याला चुंबक चिकटत नाही, इनलेटला चिकटतो. दोन्ही डोक्यांना सारखाच घट्ट चिकटला तर दुकानदाराला दुसरे पाकीट दाखवायला सांगा.

आणि आता जिथे बहुतेक जण चुकतात तिथे आलो, मीही चुकलो.

व्हॉल्व्ह साफ झाले, सीटवर गंजाचे डाग दिसले, की हात आपोआप ग्राइंडिंग पेस्टच्या डबीकडे जातो. काठीला व्हॉल्व्ह चिकटवून तळहातांत रवीसारखी घुसळायची, यात एक सुख आहे. तीन संध्याकाळी मी घासत बसलो. वर पत्र्यावर पाऊस, रेडिओवर पणजी केंद्र, हातात काठी. घासलेल्या जागेचे राखाडी कडे, म्हणजे गोल पट्टा, असे सुंदर आले की बायकोला बोलावून दाखवले. रॉकेल ओतले, थेंब गळला नाही. गाडी बांधली. पाऊस उघडेल तशी चालवत सहाशे किलोमीटर झाले आणि सायलेन्सरमधून पुन्हा तीच फुसफुस.

कारण मी गाइड तपासले नव्हते. म्हणजे, व्हॉल्व्ह हलवून बघितला होता, हलत होता, आणि ‘एवढे चालते’ म्हणून सोडले होते. घासताना काठी माझ्या हातात होती, हात व्हॉल्व्हला मध्यभागी धरत होता. इंजिनात हात नसतो. तिथे रॉकर दांडीच्या टोकावर सरकत दाबतो, म्हणजे थोडे बाजूलाही ढकलतो, आणि ढिल्या गाइडमध्ये व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी टेकतो. मी घासून तयार केलेले कडे ज्या जागेसाठी होते त्या जागेवर व्हॉल्व्ह कधी बसलाच नाही. वर तीन संध्याकाळच्या पेस्टने सीट खोल गेली ती वेगळीच. पेस्टचे काम शेवटचा हात फिरवायचे आहे. बिघडलेली सीट पेस्टने दुरुस्त होत नाही, नुसती झिजते.

तेव्हा गाइड असे तपासा. स्वच्छ व्हॉल्व्ह गाइडमध्ये घालून दहा मिलिमीटर वर उचला आणि डोके हलवा. आधी रॉकर ज्या दिशेने ढकलतो त्या दिशेने, मग त्याला आडवे. गाइड गोल झिजत नाही, अंड्यासारखी झिजते, त्यामुळे एका दिशेला घट्ट वाटून दुसरीकडे टकटक करते. डायल गेज असेल तर उत्तम. नसेल तर नवा व्हॉल्व्ह आणून त्याच गाइडमध्ये घालून बघा. नवाही डुलला तर दोष गाइडचा, नवा स्थिर आणि जुना डुलतो तर दांडी झिजली. नव्या जोडीत दांडीला ऑइल लावून गाइडमध्ये सोडली, खालून तोंड बोटाने बंद केले आणि व्हॉल्व्ह वर ओढला तर बोट ओढल्यासारखे वाटते. माझ्या इनलेटला बोट सोडाच, उजेड दिसत होता.

गाइड बदलायच्या तर हेड तापवावे लागते. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट फुगते, म्हणून गरम हेडमध्ये गाइडची पकड सैल होते. थंड हेडमधून गाइड ठोकून काढाल तर तिची जागाच फाटेल. ब्लो-टॉर्चने एकाच जागी ज्योत मारू नका, हेड वाकते. सगळे हेड सारखे तापायला भट्टी हवी. घरच्या ओव्हनला गृहखात्याची परवानगी मिळाली नाही. मग आठवला आमचा पोदेर, म्हणजे गावचा पाववाला. सकाळचे उंडे आणि पाव काढून झाले की त्याची भट्टी निवांत थंड होत जाते. त्याची एकच अट होती: “साबणानं तीन फावट धू, ऑइलाचो वास म्हज्या पावांक येवंक जायना.” चार वेळा धुतले. इन्फ्रारेड थर्मामीटरवर हेड 140 अंश दाखवेपर्यंत अर्धा तास आत ठेवले. ते साधन नसेल तर पाण्याचा थेंब टाका, चर्र करून उडाला की पुरे झाले. दोनशेच्या पुढे मात्र नेऊ नका.

जुनी गाइड काढण्याआधी ती हेडच्या वर किती उंच आहे ते व्हर्नियरने मोजून भिंतीवर लिहा; नवी तेवढीच ठेवायची. पायरी असलेला ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) हवा, ज्याचे नाक गाइडच्या भोकात जाते आणि खांदा गाइडच्या कडेवर बसतो. नव्या गाइड आदल्या रात्री प्लास्टिकमध्ये बांधून फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या, बांगडा माशांच्या शेजारी. गरम हेड, थंड गाइड, तीन-चार ठोके, बस. हातमोजे घालून, सगळी हत्यारे आधीच मांडून, न बोलता करायचे काम आहे. गाइड अर्ध्यात अडकली तर जोर करू नका, हेड पुन्हा भट्टीत. नंतर गाइडच्या भोकात रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) फिरवायचा तो एकाच दिशेने, आत जाताना आणि बाहेर येतानाही उजवीकडेच. उलटा फिरवला की धार मरते आणि भोकात चरे पडतात. बिडाच्या गाइडला रीमर कोरडा चालतो, फक्त मध्येमध्ये काढून बुरा झटका.

गाइड बदलली की सीट कापावीच लागते. यातून सुटका नाही. सीट कापायच्या हत्याराची मधली दांडी, तिलाही पायलटच म्हणतात, गाइडच्या भोकात बसते, म्हणजे सीटचा मध्य गाइड ठरवते. नवी गाइड केसभर जरी हलली तरी जुनी सीट तिच्याशी जुळत नाही. मी दुसऱ्या खेपेला हे काम एका वर्कशॉपला दिले आणि घरी आलो. त्यांनी जुन्या गाइडवर पायलट लावून सीट कापली आणि नंतर गाइड बदलली. हेड परत आले ते वरून चकाचक, पण कडे एका बाजूला दोन मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला दोरा. तेव्हापासून असे काम देतो तेव्हा तिथेच स्टूल घेऊन बसतो. मालकाला आवडत नाही, पण चहा पाजतो.

या बुलेटच्या सीटचा कोन 45 अंश. कटरचे काम असे: 45 ने स्वच्छ चकाकी येईपर्यंत, त्याहून एक फेरा जास्त नाही. मग 30 च्या कटरने वरची कड आणि 60 च्या कटरने आतली कड खाऊन कडे अरुंद करायचे आणि हवे तिथे आणायचे. कडे व्हॉल्व्हच्या पट्टीच्या मधोमध पडले पाहिजे. इनलेटला एक ते सव्वा मिलिमीटर रुंदी पुरते. एक्झॉस्टला मी दीडपर्यंत ठेवतो, कारण उष्णता त्याच वाटेने बाहेर पडते. फार रुंद केले तर दाब विखुरतो, कार्बन अडकतो. जुन्या गाड्यांच्या सीटबद्दल एक सांगायला हवे: देशात शिशाचे पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झाले. ते शिसे जळून सीटवर पातळ थर धरायचे आणि सीटला जपायचे. त्या आधीच्या हेडमध्ये मऊ सीट असेल आणि गाडी भर वेगात पळवायची सवय असेल तर ती हळूहळू खचत जाते. माझी एक्झॉस्ट सीट दोनदा कापल्यावर फारच खोल गेली म्हणून ती बदलून कडक सीट बसवून घेतली. ते काम लेथवाल्याचेच, घरी करू नका.

जुळणी तपासायला निळी शाई लागतेच असे नाही. साध्या पेन्सिलीने व्हॉल्व्हच्या पट्टीवर आडव्या आठ-दहा रेघा मारा, व्हॉल्व्ह सीटवर ठेवा, बोटाने दाबून पाव फेरा फिरवा. प्रत्येक रेघ एकाच जागी तुटलेली दिसली तर सीट गोल आहे. दोन रेघा अखंड राहिल्या तर पुन्हा कटर.

एवढे झाल्यावर पेस्टची डबी उघडा, आणि तीही बारीक पेस्टची. जाड पेस्टची गरज वाटत असेल तर सीट अजून कापायची आहे असे समजा. दांडीला ऑइल लावा म्हणजे पेस्ट गाइडमध्ये उतरणार नाही. पट्टीवर तीन-चार ठिकाणी राईएवढे ठिपके पुरतात. काठी तळहातांत मागेपुढे आठ-दहा वेळा, मग व्हॉल्व्ह उचलून पाव फेरा फिरवून पुन्हा. सुरुवातीला करकर ऐकू येते, थोड्या वेळाने आवाज मऊ होतो, तेव्हा पुसून बघा. मंद राखाडी, अखंड, सारख्या रुंदीचे कडे. चांगल्या सीटला एका व्हॉल्व्हमागे पाच मिनिटेही लागत नाहीत. ड्रिल मशीनला जोडून गरागरा फिरवू नका, गोल चरे पडतात.

मग धुणे. पेस्टचा एक कण गाइडमध्ये राहिला तर तो तिथे रोज पेस्टचेच काम करणार. रॉकेल, मग गरम साबणपाणी, गाइडमध्ये बाटली धुवायचा बारीक ब्रश, मग हवा, आणि शेवटी पांढरी चिंधी फिरवून बघा. चिंधी राखाडी आली की पुन्हा.

बुलेटला प्रत्येक व्हॉल्व्हला आत-बाहेर दोन स्प्रिंगा असतात. जुन्या आणि नव्या शेजारी उभ्या करा. जुनी बुटकी दिसली तर बदला, चारही एकदम. गुण्याला लावून सरळ उभी राहते का तेही बघा. सीट खोल कापली असेल तर व्हॉल्व्ह वर सरकतो, स्प्रिंगला जास्त जागा मिळते आणि दाब कमी पडतो; खाली तेवढ्या जाडीची वॉशर घालून उंची परत आणावी लागते. बसवताना दांडीला इंजिन ऑइल, कॉटरच्या आत ग्रीसचा ठिपका. ग्रीसने कॉटर दांडीला चिकटून राहतात, नाहीतर तिसरा हात लागतो. क्लॅम्प सोडल्यावर वर चिंधी टाकून दांडीच्या टोकावर प्लास्टिकच्या हातोडीने दोन ठोके. कॉटर नीट बसले नसतील तर आत्ताच निघू देत, घाटात नको.

प्लग लावा, हेड उलटे ठेवा, खोलगट भाग रॉकेलने भरा आणि दोन्ही पोर्टमध्ये बॅटरी मारून पंधरा मिनिटे बघत राहा. पेट्रोल वापरू नका. शेडमध्ये कुणीतरी विडी ओढतच असतो. माझे हेड या वेळी कोरडे राहिले, पण या परीक्षेवर आता मी पूर्वीइतका भाळत नाही. गाइड ढिल्या असतानाही ती पास झाली होती.

हेड चढवताना नवे गॅस्केट, नट आलटून-पालटून समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत, शेवटी टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत. रॉकर आवळण्याआधी पुशरॉड वर-खाली दोन्हीकडे खळग्यात बसले आहेत का ते बोटाने बघा. इंजिन पहिल्यांदा चालू केल्यावर रॉकरकडचा बँजो बोल्ट थोडा ढिला करा. तिथे ऑइल पाझरले तर आवळा. नाही आले तर लगेच इंजिन बंद.

टॅपेट शेवटी. पायलट लोकांच्या छोट्या ओव्हरहेड कॅमच्या गाड्यांना फीलर गेज लागतो, या जुन्या बुलेटला बोटे लागतात. इंजिन पूर्ण थंड, रात्रभर उभे. उजवीकडचे टॅपेटचे झाकण काढा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा, डीकॉम्प्रेसरची केबल ढिली आहे ना ते पुन्हा बघा. बारीक दोन पाने घेऊन लॉकनट सोडा आणि ॲडजस्टर असा फिरवा की पुशरॉड दोन बोटांत सहज फिरेल पण वर-खाली टक होणार नाही. एक्झॉस्टचा इनलेटपेक्षा अगदी किंचित मोकळा. लॉकनट आवळताना सेटिंग हटकून बदलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून बघा, आणि इंजिनाला दोन फेरे देऊन परत टॉपला आणून आणखी एकदा. किंचित टकटक राहिली तर राहू दे. शेजारचे म्हणतील टॅपेट वाजतो. म्हणू देत.

पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर गॅस्केट दबते, हेड केसभर खाली बसते आणि टॅपेट आपोआप घट्ट होतात. गाडी रात्रभर थंड करून नट पुन्हा टॉर्कला लावा, मग टॅपेट. हे चुकवलेत तर सगळ्या मेहनतीनंतर व्हॉल्व्ह पुन्हा अर्धवट मिटायला लागतील. मी चवथीच्या आदल्या दिवशी हे केले. माटोळीला (गणपतीवरच्या फळाफुलांच्या छताला) कांगणे आणि नारळ टांगत असताना भाऊ हाका मारत होता आणि मी गाडीखाली होतो. दुसऱ्या आठवड्यात चोर्ला उतरलो, मेहुणा मागेच होता. केरीला तोंड पुसले नाही त्याने, बाकी काही बोललाही नाही.

आता दर मिरगाला गाडी मांगरात लावताना किकने हळूहळू पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणून ठेवतो, अँपिअर मीटरचा काटा बघत. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि पावसाळ्याची ओल सीटपर्यंत जात नाही. सायलेन्सरच्या तोंडात ऑइलची चिंधी कोंबतो, आणि हँडलला एक चिठ्ठी बांधतो, चिंधी काढायची म्हणून.